इंटरव्ह्यूत माझ्यामागं दिसलेलं पाणी

इथले अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचतो. वाचून झाले की मनातल्या मनात 'डोळ्यांचा भ्रम' किंवा 'झोप झाली नसणार' असा शेरा मारतो आणि पुढे जातो. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलेला माणूस. इंजिन बंद पडलं की त्याला कारण असतं, ते आपल्याला सापडलं नाही तरी असतंच, असं मला शिकवलं गेलं आणि मी ते मानत आलो. भूत, भानामती, लागीर... आमच्याकडे याच्या गोष्टी कमी नाहीत, पण मी त्यात कधी पडलो नाही.

आणि आता जे सांगणार आहे ते मी स्वतः पाहिलेलंसुद्धा नाही. ते माझ्या पाठीमागं घडलं — अगदी शब्दशः पाठीमागं.

माझं गाव बीड जिल्ह्यात, वडवणी तालुक्यात. नाव देत नाही, कारण यातली माणसं अजून तिथंच राहतात. गावाच्या वरच्या अंगाला साठवण तलाव आहे. माझ्या जन्माआधी तो झाला तेव्हा आमची निम्मी जमीन त्यात गेली. ज्यांची गेली त्यांनी मिळून पुढं मच्छीमार सहकारी संस्था काढली. मुळात सगळे शेतकरी, मासे धरायचं कुणालाच ठाऊक नव्हतं. माजलगावकडून एकाला बोलावून शिकले. माझे वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणतो — त्या संस्थेचे पहिल्या खेपेचे सभासद. कटला, रोहूचं बी सोडायचं, जाळी लावायची आणि वडवणीच्या बाजारला माल न्यायचा.

बोट वगैरे काही नाही. थर्माकोलचे जाड तुकडे बांधून त्यावर खताची पोती शिवायची, त्यावर मांडी घालून बसायचं आणि तेलाच्या प्लास्टिक डब्याच्या कापलेल्या दोन फळ्या दोन्ही हातात धरून पाणी मागं सारायचं. लांबून बघितलं तर माणूस पाण्यावर नुसता बसलाय असं वाटतं. मी शाळेत असताना हे सगळं करायचो. पोहायला तिथंच शिकलो. दुष्काळी जिल्ह्यातला पोरगा समुद्रावर नोकरीला कसा, असं लोक विचारतात, त्याचं उत्तर हे एवढंच.

आयटीआयनंतर मी गोव्यात वॉटर स्पोर्ट्सच्या बोटीवर दोन सीझन काढले. तिथं एका इंजिनिअरनं यॉटबद्दल सांगितलं. यॉट म्हणजे अतिश्रीमंत लोकांची खाजगी जहाजं. तीन-चार मजली, आत झुंबरं, वर पोहायचा हौद. त्यावर पंधरा-वीस माणसांचा क्रू असतो. डेक धुणं, लाकूड घासणं, पाहुण्यांना छोट्या बोटीनं किनाऱ्यावर नेणं-आणणं, हे काम डेकहँडचं. मला ते करायचं होतं.

पण ही नोकरी मिळवायची तऱ्हा वेगळी आहे. तिकडची पोरं सरळ बंदरावर जातात. सकाळी पांढरा टी-शर्ट घालून एकेका बोटीसमोर उभी राहतात आणि एखाद्या दिवसाचं काम आहे का विचारतात. व्हिसा नसलेल्या माणसाला ते जमणारं नव्हतं. मी मुंबईत सेफ्टीचा कोर्स केला आणि एका एजन्सीत नाव घातलं. सीव्हीवर हसरा फोटो पाहिजे, अंगावर टॅटू दिसतो का ते लिहायला पाहिजे, आणि आधीच्या कॅप्टनचा नंबर पाहिजे. माझा आधीचा कॅप्टन म्हणजे गोव्यातला पॅरासेलिंगवाला. त्याला परदेशातून फोन आला की तो 'आवाज येत नाही' म्हणून ठेवून द्यायचा. तीन-चार ठिकाणांहून नकार आले, बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. शेवटी मी गावी येऊन थांबलो.

ते वर्ष आमच्याकडं फार वाईट होतं. दिवाळीच्या आधीच तलाव आटला. गावात टँकर, जनावरं छावणीत. बायका तलावाच्या तळात झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. संस्थेचा फक्त बोर्ड उरला होता. अण्णा आणि माझे चुलते जोडीनं ऊसतोडीला गेलेले, कोल्हापूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्यावर. आईची कमर धरायची, म्हणून ती घरी राहिली होती. अण्णांनी त्याआधी कधी कोयता धरलेला नव्हता. जाताना ते कुणाशी बोलले नाहीत. थर्माकोल मात्र गोठ्यात उभं करून, वर ताडपत्री टाकून गेले.

फेब्रुवारी संपत आला असताना एजन्सीच्या बाईंचा मेसेज आला — एका यॉटचा डेकहँड ऐनवेळी गळाला आहे, कॅप्टनला उद्या दुपारी व्हिडिओ कॉलवर बोलायचं आहे.

आमच्या घरात रेंज येत नाही. तलावाच्या भिंतीवर, सांडव्यापाशी चांगली येते. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तिथं गेलो. सांडव्याच्या कठड्यावर दगड लावून फोन उभा केला आणि त्याच्याकडं तोंड करून बसलो. म्हणजे माझ्या पाठीमागं तलाव. तलाव म्हणजे त्या दिवशी काय, तर भेगाळलेला गाळ, बेशरमाची सुकलेली झुडपं आणि पाणी मोजायची उंच पट्टी, तीही कोरड्यात उभी. आई मुद्दाम सोबत आली होती. जवळच लिंबाखाली शेळी धरून बसली, का तर ती मध्येच ओरडू नये.

कॅप्टन न्यूझीलंडचा. पन्नाशीचा, शांत. त्याच्याशेजारी चीफ ऑफिसर बसली होती — एल्के, हॉलंडची. त्यांनी दोरीच्या दोन गाठी मारायला लावल्या, किती वेळ पोहू शकतो, पाहुणा पाण्यात पडला तर आधी काय करशील, असं विचारलं. मला घाम फुटला होता, पण बोललो. मध्येच कॅप्टन थांबला. माझ्या खांद्यावरून मागं बघितल्यासारखं करून म्हणाला की, तुझा माणूस तुझ्यासाठी थांबलाय वाटतं, घाई असेल तर सांग.

मी मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. मला वाटलं, आई त्याला फ्रेममध्ये दिसत असेल. मी म्हणालो, ती माझी आई आहे, थांबेल ती. तर ते दोघं एकमेकांकडं बघून हसले. माझंच इंग्रजी कुठंतरी चुकलं असेल असं समजून मी सोडून दिलं.

कॉल संपल्यावर आई म्हणाली, "झालं का? सोडू का शेळी?" मी आईसोबत तिथंच एक सेल्फी काढला. पांढरा शर्ट, आई, शेळीचं डोकं आणि मागं सगळा फुटलेला गाळ. आठवड्यात नोकरी पक्की झाल्याचा मेल आला.

जूनमध्ये, ग्रीसच्या एका बेटाजवळ नांगर टाकून होतो. सकाळचं मी कॅप्टनला छोट्या बोटीनं धक्क्यावर नेत होतो. पाहुणे नसले की तो थोडं बोलायचा. त्यानं सांगितलं की डेकहँडसाठी त्याच्याकडं तिघं होते. बाकी दोघांचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त, पण ते आपापल्या खोलीत बसून बोलले. "तू पाण्याजवळ येऊन बसलास. एल्के म्हणाली, हा मुलगा पाण्यावर वाढलाय, याला घेऊ."

मग त्यानं विचारलं, "तो तलाव खोल किती आहे?"

मी म्हणालो, तो कोरडा होता. तो हसला. मी परत सांगितलं की त्या वर्षी आमच्याकडं दुष्काळ होता, तलावात थेंब नव्हता. तो अजून हसतच होता. "आणि तो पांढऱ्या ठोकळ्यावर बसलेला माणूस? तो कशावर तरंगत होता मग?"

मी इंजिन बंद केलं. बोट नुसती हलत राहिली. मी खिशातून फोन काढला आणि आईबरोबरचा तो सेल्फी त्याला दाखवला. त्यानं चष्मा लावला, फोटो मोठा केला, तारीख बघितली. शेवटी पाणी मोजायच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "ही आठवते. ही पाण्यात होती."

परत आल्यावर त्यानं एल्केला बोलावलं आणि मला गप्प राहायला सांगून तिला फक्त एवढंच विचारलं की, याच्या इंटरव्ह्यूच्या वेळी मागं काय होतं? ती म्हणाली, तलाव. आणि कसल्यातरी पांढऱ्या गोष्टीवर बसून एक माणूस आला होता, डोक्याला लाल फडकं. येऊन भिंतीजवळ थांबला आणि शेवटपर्यंत तिथंच होता. तिला वाटलं होतं की मला घ्यायला कुणी आलंय.

थर्माकोल हा शब्द मी त्यांच्यापुढं कधी काढला नव्हता. आमच्याकडं त्यावर बसून मासे धरतात, हे तर सीव्हीत लिहिण्यासारखं मला कधी वाटलंच नव्हतं.

मी तर्क लावले. दुसऱ्या उमेदवाराशी गल्लत झाली म्हणावं, तर ते दोघं खोलीत बसलेले आणि पट्टी आमच्याच तलावातली. दुपारचं ऊन, तापलेला गाळ... मृगजळ कॅमेऱ्यात येतं, हे मी नंतर वाचलं. पाण्यापुरतं ते पटतं. मृगजळावर माणूस बसून येत नाही. कॅप्टन दारू पीत नाही, आणि पीत असता तरी एल्केचं काय?

मला मनात एकच नाव येत होतं. डोक्याला लाल पंचा, थर्माकोल, भिंतीजवळ येऊन थांबणं. अण्णा असेच यायचे. शाळा सुटली की मी भिंतीवर जायचो आणि ते कडेला येऊन थांबायचे. पण अण्णा जिवंत होते, धडधाकट होते, आणि त्या दुपारी कोल्हापूरकडं उसाच्या फडात होते.

सीझन संपवून मी नोव्हेंबरात घरी आलो. पाऊस त्याही वर्षी झाला नव्हता. अण्णा दुसऱ्यांदा फडावर निघायच्या तयारीत होते. अंगणात पोत्यात भांडी भरत होते, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसतील किंवा चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी भांडी भरणं थांबवलं नाही. थोड्या वेळानं विचारलं, "पानी कुठवर व्हतं?"

मी म्हणालो, पट्टी पाण्यात होती एवढंच त्याला आठवतं.

"पट्टी पान्यात म्हंजे लई झालं," ते म्हणाले. मग पोत्याचं तोंड बांधलं.

पुढचं मला चुलत्यांनी सांगितलं. त्या खेपेला अण्णांनी फडात सगळ्या टोळीला ही गोष्ट सांगितली. पहिल्या साली ते पाचटात तोंड खुपसून बसायचे, कुणात मिसळायचे नाहीत. या खेपेला लोक त्यांना मुद्दाम विचारायचे, आज गेलता का तलावावर? आणि ते सांगायचे, "आंग हितं कोयत्याला दिलंय. बाकीचा मी तिकडंच हाय." लोक हसायचे, तेही हसायचे. चुलते म्हणाले, "तुझ्या बापाला त्या गोष्टीचा लई आधार झाला बघ."

पुढच्या साली मात्र तलाव भरला. सांडवा वाहिला. संस्थेनं बी सोडलं, आणि अण्णा ऊसतोडीला गेले नाहीत. त्या हिवाळ्यात मी रजेवर गावी होतो. एका दुपारी अण्णा म्हणाले, "तुझ्या सायबाला दाखीव ना एकदा. म्हनाव, ह्योच का त्यो."

त्यांच्या बोलण्यात गंमत होती, पण दाढी करून तयार झाले होते. लाल पंचा डोक्याला बांधला आणि थर्माकोल लोटून मधोमध गेले. मी सांडव्यावर बसलो, तसाच, त्याच दगडाला फोन टेकवून. कॅप्टनला आधी मेसेज करून ठेवला होता. तो आणि एल्के जेवणाच्या टेबलावर होते. पाणी बघून दोघंही खूश झाले. हेच, अगदी हेच, असं म्हणाले. पट्टी, पलीकडची टेकडी, सगळं तेच.

अण्णा दोन्ही हातांनी पाणी सारत भिंतीकडं येत होते. कॅप्टन बघत राहिला. जवळ येऊन ते थांबले.

शेवटी म्हणाला, "हा तो नाही."

मी म्हणालो, लांबून ओळखू येत नसेल, दोन वर्षं होत आली. त्यावर एल्के पुढं झाली. ती म्हणाली, चेहऱ्याचं मी सांगू शकत नाही. पण तो माणूस एकाच हातानं वल्हवत होता, डाव्या. उजवा हात त्यानं मांडीवर ठेवला होता. मला तेव्हाच नवल वाटलं होतं की एका बाजूनं मारूनही हा सरळ कसा येतोय.

कॅप्टननं मान हलवली. म्हणजे त्यालाही ते आठवत होतं.

ज्यांनी थर्माकोलवर बसून बघितलंय त्यांना कळेल. एका हातानं मारलं की ते जागच्या जागी गोल फिरतं. सरळ येतच नाही. येऊ शकत नाही.

कॉल संपला. अण्णा कडेला लागले, थर्माकोल वर ओढलं आणि पंच्यानं तोंड पुसत विचारलं, "काय म्हनला?"

मी जे होतं ते सांगितलं. हा तो नाही म्हणाले. डाव्या हाताचंही सांगितलं. त्यांचा चेहरा थोडा उतरला... का मलाच तसं वाटलं, माहीत नाही. ते भिंतीवर टेकले आणि ओल्या फळ्या एकमेकींवर ठेवत बसले. "पान्यावर समदे सारकेच दिसत्यात," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आपल्यात डावखुरा तर कुनी न्हाई."

नंतर मी माझ्या परीनं चौकशी केली. संस्थेच्या जुन्या सभासदांना एकेकाला विचारलं. एका हातानं वल्हवणारा आमच्या तलावावर कधी कुणी नव्हता. हात गेलेला, लुळा पडलेला, तसाही कुणी नाही. आणि या साइटवर ज्याची वाट बघितली जाईल तेही विचारून ठेवलं — तलाव झाल्यापासून त्यात कुणी बुडून मेलेलं नाही. जुन्या माणसांना तसं एकही माणूस आठवत नाही. ज्यांची जमीन गेली त्यांच्यातले जे वारले ते सगळे आपापल्या घरात, अंथरुणावर गेले. म्हणजे भूत म्हणावं तर ते कुणाचं, हेही सांगता येत नाही.

आईला विचारलं, त्या दिवशी तू तिथंच होतीस, तुला काही दिसलं का? ती म्हणाली, मी शेळीकडं बघत व्हते.

मी अजून यॉटवरच आहे. कॅप्टन निवृत्त झाला. एल्के दुसऱ्या बोटीवर गेली. कधी बोलणं झालं तर हा विषय आम्ही काढत नाही. इंजिन का बंद पडलं ते मला आजवर बहुतेक वेळा सापडलं आहे. याचं कारण सापडलेलं नाही, आणि सापडेल असं वाटतही नाही. इथं कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, फक्त मृगजळ सोडून.

अण्णा रोज तलावावर जातात. पूर्वी ते गुपचूप जाऊन पाण्यात उतरायचे. आता सकाळी पाण्यावर कुणी आधीच दिसलं तर भिंतीवर उभं राहून हाक मारतात, "कोन हाय रं?" समोरच्यानं नाव सांगितलं की मगच थर्माकोल लोटतात. असं का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, सवय.

नाव आलं नाही तर काय करतात, ते मी विचारलेलं नाही.